येथे पावती देऊन लुटले जाईल

फ्रान्समधल्या ब्रिटनीतलं सें-मालो हे गाव. तिथल्या किल्ल्याला एक बुरूज आहे. त्याचं नाव ‘किकांग्रोन्य’. फ्रेंच न येणाऱ्याला हे एखाद्या उग्र वासाच्या चीजचं नाव वाटेल. पण मुळात ती पाटी आहे. ब्रिटनीची डचेस आणि दोनदा फ्रान्सची राणी झालेली ॲन हिने पंधराव्या शतकाच्या अखेरीला इथल्या किल्ल्याचं बांधकाम वाढवलं, तेव्हा गावकऱ्यांनी नाकं मुरडली. हा किल्ला शत्रूवर नजर ठेवायला की आमच्यावर, असा त्यांचा सवाल होता आणि तो अगदीच गैरवाजवी नव्हता. बाईंनी बैठक बोलावली नाही की समिती नेमली नाही. बुरुजावर सरळ कोरून टाकलं : कुरकुरायचं त्याने कुरकुरावं, हे असंच होणार, कारण तशी आमची मर्जी. राज्यक्रांतीत ती पाटी खरवडली गेली. पण ‘कोणी का कुरकुरेना’ हे तिचे पहिले शब्द बुरुजाला चिकटले ते चिकटलेच.

पुण्याच्या माणसाला इथे उतरल्याउतरल्या माहेरी आल्यासारखं वाटतं, ते उगाच नाही.

कुरकुरणारेही काही साधेसुधे नव्हते. ‘फ्रेंच नाही, ब्रेटन नाही, आम्ही मालुआं’ हे या गावाचं जुनं ब्रीद आहे आणि ते नुसतं मिरवायला ठेवलेलं नाही. 1590मध्ये फ्रान्सच्या गादीवर चौथा हेन्री होता. तो प्रॉटेस्टंट. कट्टर कॅथलिक मालुआंना तो पटेना. त्यांनी रात्रीत किल्ला ताब्यात घेतला आणि गाव स्वतंत्र असल्याचं जाहीर करून चार वर्षं स्वतःचा कारभार केला. पुढे राजा कॅथलिक झाला, तेव्हा 1594मध्ये गाव फ्रान्समध्ये परत आलं. यात हट्ट कोणी सोडला हे उघड आहे. आज त्याच किल्ल्यात नगरपालिका आहे आणि वरच्या मनोऱ्यावर गावाचा झेंडा फ्रान्सच्या झेंड्याच्याही वर फडकतो.

पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनातून सुटणारी थेट टीजीव्ही अडीच तासांच्या आत इथे आणून सोडते. त्या गाडीतून ठाण्याचं एक जोडपं उतरलं असं समजू. काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे कागदाशिवाय कशावर विश्वास न ठेवणारे. काकू शिक्षिका, त्यामुळे काकांवर विश्वास न ठेवणाऱ्या. स्टेशनापासून वीसेक मिनिटं चाललं की समोर तटबंदी उभी राहते. आतलं गाव ग्रॅनाइटच्या खडकावर वसलेलं आहे. एके काळी ते जवळजवळ बेटच होतं आणि ‘सियों’ नावाच्या अरुंद बांधाने जमिनीला टेकलेलं होतं. तटावरून सगळ्या गावाला फेरी मारता येते. अंतर जेमतेम दोन किलोमीटर. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला लोकांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या. तिकीट नाही.

“फुकट?” काकांनी दोनदा विचारलं. फ्रान्समध्ये आल्यापासून त्यांना पहिल्यांदाच काहीतरी संशयास्पद वाटलं.

त्यांचा संशय रास्त होता, कारण हे गाव लुटीवर उभं राहिलेलं आहे. मात्र इथल्या माणसासमोर ‘चाचे’ हा शब्द काढू नये. चाचा निराळा, कॉर्सेअर निराळा. दोघंही समुद्रावर दुसऱ्याचं जहाज गाठतात, दोघंही तोफा लावतात, दोघंही माल उतरवून घेतात. फरक एवढाच की कॉर्सेअरच्या पेटीत राजाच्या सहीशिक्क्याचा कागद असतो. युद्ध चालू असताना शत्रूची व्यापारी जहाजं पकडायला आमची हरकत नाही, असा तो परवाना. पकडलेलं जहाज बंदरात आणायचं, ॲडमिरल्टीच्या न्यायालयात दाखल करायचं, लूट कायदेशीर आहे असा निकाल घ्यायचा, मग वाटे पाडायचे. ॲडमिरलचा दहावा हिस्सा आधी बाजूला काढायचा, खर्च वजा जाता उरलेल्यातले दोन भाग जहाजाला पैसा पुरवणाऱ्यांचे आणि एक भाग जिवावर उदार झालेल्या खलाशांचा. चौथाई आणि सरदेशमुखीच्या हिशेबात मुरलेल्या माणसाला यात नवं काही नाही. सरदेशमुखीसुद्धा दहावाच हिस्सा होती. काकांना ही पद्धत फार आवडली. लूट असली म्हणून काय झालं, जमाखर्च चोख होता.

कागदाची ही मातब्बरी ज्याला सगळ्यात महागात पडली तो माणूस म्हणजे रोबेर स्यूर्कुफ. 1773चा जन्म, गाव हेच. तटाच्या आत त्याचा पुतळा आहे आणि त्याचं बोट समुद्रापलीकडच्या इंग्लंडकडे रोखलेलं आहे. 1795मध्ये हा पोरगा मॉरिशसहून, म्हणजे तेव्हाच्या ‘इल द फ्रांस’हून, ‘एमिली’ नावाचं छोटं जहाज घेऊन निघाला. हातात कागद होता तो साध्या मालवाहतुकीचा; सेशेल्सहून कासवं वगैरे आणायची होती. कासवं राहिली बाजूला. गडी थेट बंगालच्या उपसागरात शिरला आणि एकामागून एक इंग्रज जहाजं पकडत सुटला. जानेवारी 1796मध्ये तर मूठभर माणसांनिशी त्याने ईस्ट इंडिया कंपनीचं ‘ट्रायटन’ हे भलंथोरलं जहाज घेतलं. विजयी वीर मॉरिशसला परतला. गव्हर्नरने अभिनंदन केलं की नाही कोण जाणे, पण परवाना मागितला. तो नव्हता. सगळी लूट सरकारजमा!

याला म्हणतात ‘आवक नोंद नाही’.

दुसरा कोणी असता तर चरफडत बसला असता. स्यूर्कुफ सरळ पॅरिसला गेला, सरकारदरबारी खेटे घातले, अर्ज केले आणि भरपाई पदरात पाडून घेतली. मालुआं हाडाचा खलाशी असतो असं म्हणतात. खरं म्हणजे तो हाडाचा पक्षकार असतो. पुढच्या खेपेला परवाना खिशात घालून तो पुन्हा बंगालच्या उपसागरात आला. 7 ऑक्टोबर 1800 रोजी ‘काँफियांस’ या अठरा तोफांच्या जहाजाने त्याने कंपनीचं ‘केंट’ गाठलं. ‘केंट’वर दुपटीच्या आसपास तोफा होत्या आणि सैनिक-उतारू धरून चारशेच्या वर माणसं. स्यूर्कुफची माणसं दीडशेच्या आतबाहेर. तरी ‘केंट’ पडलं. एका इंग्रज कैद्याने त्याला हिणवलं की तुम्ही पैशासाठी लढता, आम्ही इभ्रतीसाठी. त्यावर स्यूर्कुफ म्हणाला, ज्याच्याकडे जे नसतं त्यासाठी तो लढतो. ही बहुधा दंतकथा आहे. पण सें-मालोत कुणाला तसं सांगून बघायला जाऊ नये.

मराठी माणसाला इथे कान्होजी आंग्रे आठवल्याशिवाय राहत नाहीत. कान्होजींकडे छत्रपतींनी दिलेली सरखेली होती. कोकणच्या समुद्रातून जायचं तर त्यांचं दस्तक घ्यावं लागे. नसेल तर जहाज धरलं जाई. म्हणजे कागद इकडेही होता, शिक्का इकडेही होता. तरी इंग्रजांनी त्यांना शंभर ठिकाणी ‘चाचा’ म्हणून लिहून ठेवलं, आणि 1721मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन अलिबागच्या कुलाब्यावर चाल करून गेले, ती फसली. कागद खरा की खोटा, हे ज्याचं जहाज पकडलं जातं त्याला विचारून भागत नाही. आज मुंबईत नौदलाच्या तळाचं नाव ‘आयएनएस आंग्रे’ आहे, तेव्हा तो हिशेबही मिटला म्हणायचा.

गावात वीरांची टंचाई नाही. जवळपास प्रत्येक बुरुजावर कुणी ना कुणी उभा आहे. रने द्युगे-त्रुआँने 1711मध्ये रिओ द जानेरोची सुरत केली आणि खंडणी वसूल करूनच तो परतला. जाक कार्तिए 1534मध्ये इथूनच निघून कॅनडाच्या सेंट लॉरेन्सच्या आखातापर्यंत पोचला. क्वेबेकचे लोक आजही त्याच्यासाठी इथे येतात. हाच कार्तिए 1542मध्ये कॅनडाहून सोनं आणि हिरे घेऊन परत आला. तपासून पाहिलं तर सोनं निघालं पायराइट आणि हिरे निघाले गारगोट्या. तेव्हापासून फ्रेंचमध्ये ‘कॅनडाच्या हिऱ्यासारखं खोटं’ असा वाक्प्रचार पडला. काका म्हणाले, “व्हॅल्यूअर नेला नव्हता का बरोबर?”

या पुतळ्यांच्या खाली जे लिहिलेलं नसतं तेही सांगायला हवं. स्यूर्कुफ गुलामांच्या व्यापारात होता. सें-मालोचा सर्वांत मोठा लेखक शातोब्रियाँ, त्याच्या वडिलांनीही जो पैसा केला त्यात गुलामांच्या जहाजांचा वाटा होता. त्या मालालाही पावत्या होत्या.

गावाची जगभर पसरण्याची तऱ्हाही गमतीची आहे. 1764मध्ये फ्रेंच दर्यावर्दी बुगँव्हिलने दक्षिण अटलांटिकमधल्या ओसाड बेटांवर वसाहत केली, तेव्हा त्याची जहाजं इथून निघाली. म्हणून ती बेटं ‘मालुईन’ झाली; स्पॅनिशांनी त्याचं ‘माल्विनास’ केलं. इंग्रज त्यांना फॉकलंड म्हणतात. 1982मध्ये अर्जेंटिना आणि ब्रिटन ज्या नावावरून एकमेकांच्या जिवावर उठले, त्यातलं एक नाव या गावाचं आहे आणि गाव त्या भांडणात कुठेच नव्हतं. मॉरिशसचंही तेच. 1715मध्ये ते बेट फ्रान्सच्या नावे करणारा कप्तान द्युफ्रेन मालुआं, आणि पुढे पोर्ट लुई बंदर उभारणारा गव्हर्नर माहे द ला बुर्दोने हाही मालुआं. या ला बुर्दोनेने 1746मध्ये इंग्रजांकडून मद्रास जिंकलं, मग खंडणी घेऊन ते परत करायचं ठरवलं, त्यावरून पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर द्युप्ले याच्याशी हाडवैर घेतलं आणि बक्षीस म्हणून बॅस्टिलच्या तुरुंगात जाऊन बसला. पोर्ट लुईत त्याचा पुतळा आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांची मराठी नातवंडं-पतवंडं आज त्याच देशात गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी घेतात. सें-मालोचा आणि मराठीचा सरळ संबंध काढायचाच तर तो असा तीन समुद्र ओलांडून निघतो.

इथवर माणसांचं झालं. या गावाचा खरा मालक समुद्र आहे आणि त्याचं वेळापत्रक छापील मिळतं.

मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढलं की वर्तमानपत्रं पहिल्या पानावर इशारे देतात. सें-मालोत मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांतला फरक तेरा मीटरच्या घरात जातो. चार मजली इमारत दिवसातून दोनदा बुडवून पुन्हा वर काढावी तसा हा प्रकार. इंग्लिश खाडीतून आत घुसलेलं पाणी कोतांतँ द्वीपकल्पाला अडतं, मागे जायला वाट नसते, मग ते वर चढतं. फ्रेंचांनी या चढाला गुण द्यायची पद्धत काढली आहे. भांगाच्या भरतीला कमीत कमी वीस, उधाणाला जास्तीत जास्त एकशेवीस. पुस्तकांच्या दुकानात, तंबाखूच्या टपरीवर या गुणांच्या चोपड्या विकायला असतात. मार्च 2015मध्ये एकशे एकोणीस गुणांची भरती आली, तेव्हा ती पाहायला ही गर्दी लोटली. काकू म्हणाल्या, “तो एक गुण कुठे गेला?” शिक्षिकेला हा प्रश्न पडणं साहजिक आहे.

सियोंच्या किनाऱ्यावर ओकच्या खोडांची रांगच्या रांग रोवलेली आहे. सुमारे तीन हजार खोडं. लाटांचा जोर मोडायला सतराव्या शतकाच्या शेवटी पहिली काही रोवली, पुढे ती वाढत गेली. उन्हात, वाऱ्यात, मिठात ती इतकी झिजली आहेत की संध्याकाळी लांबून पाहिलं तर रेशनच्या रांगेत उभी असलेली म्हातारी माणसं वाटतात. उधाणाच्या दिवशी लाटा त्यांना न जुमानता हॉटेलांच्या खिडक्यांवर जाऊन आदळतात आणि आतले पाहुणे त्यासाठी जादा पैसे मोजून समुद्राकडची खोली घेतात.

ओहोटीला पाणी हटलं की वाळू उघडी पडते आणि समोरच्या बेटांवर पायी जाता येतं. फ्रेंच लष्करी अभियंता वोबाँच्या आराखड्यावरून 1689मध्ये बांधायला घेतलेला ‘फोर नास्योनाल’ हा जलदुर्ग त्यांतलाच. किल्ला उघडा आहे की नाही हे कळायला झेंडा बघायचा : वर असेल तर या, नसेल तर पोहत या. अलिबागच्या माणसाला याचं अप्रूप वाटणार नाही. कुलाब्याच्या किल्ल्यात ओहोटीला चालत जाणं आणि भरती लागली की घोडागाडीवाल्याचा भाव ऐकणं, हे त्याने लहानपणीच केलेलं असतं. फोर नास्योनालला घोडागाडी नाही, एवढीच उणीव.

दुसरं बेट ग्रां बे. तिथे शातोब्रियाँची कबर आहे. हा गृहस्थ 1768मध्ये तटाच्या आत जन्मला, पुढे मंत्री झाला, राजदूत झाला, फ्रेंच गद्याला त्याने वळण लावलं आणि एवढं झाल्यावर मरणाच्या कितीतरी वर्षं आधी गावाकडे कबरीच्या जागेसाठी अर्ज केला. (अर्ज! या गावात मरायलासुद्धा कागद लागतो.) 1848मध्ये त्याला तिथे पुरलं. वर ग्रॅनाइटचा साधा क्रूस, त्यावर नाव नाही. जवळच्या पाटीवर लिहिलं आहे की इथे एका थोर फ्रेंच लेखकाला फक्त समुद्र आणि वारा ऐकत पडून राहायचं होतं, वाटसरू, त्याच्या इच्छेचा मान राख. नाव न लिहिण्याएवढी नम्रता आणि आपण कोण ते सगळ्यांना ठाऊक असणारच याची खात्री, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात याचं हे उत्तम उदाहरण. हा आव ज्याँ-पॉल सार्त्रला सहन झाला नाही. तरुणपणी त्याने या कबरीवर लघवी केली, असं सिमोन द बोव्हुआरने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. फ्रान्समध्ये साहित्यिक वाद असे समक्ष जाऊन घालतात.

आपलं ठाण्याचं जोडपं ग्रां बेवर पोचलं ते साडेतीनला. काकांनी क्रूसाचे फोटो काढले, मग शेजारच्या प्ती बे बेटावरच्या किल्ल्याचे, मग स्वतःचे. काकूंनी दोनदा खाली पाहिलं.

“अहो, ती दगडी वाट मघाशी रुंद होती.”

“अगं, अजून तासभर आहे. मी चोपडीत पाहिलंय.”

“कुठल्या तारखेचं पाहिलंत?”

पुढचा संवाद छापण्यासारखा नाही. काकांनी पुढच्या दिवसाची ओळ वाचली होती. भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते. दोघंही बूट हातात घेऊन, गुडघाभर पाण्यातून, सतरा अंशांच्या थंडगार समुद्रातून बाहेर आली. वाळूवरची फ्रेंच पोरं टाळ्या वाजवत होती. शेजारीच बों-सकूरच्या किनाऱ्यावर 1937पासूनचा समुद्राच्या पाण्याचा तलाव आहे. भरती तो भरून ठेवते आणि ओहोटीला त्यात पोहता येतं. भरतीत तलाव बुडाला तरी उडी मारायचा मनोरा तेवढा समुद्राच्या मध्यावर एकटाच उभा दिसतो. काकूंनी काकांना तो बोटाने दाखवला. बोलल्या काही नाहीत.

या भरतीलाही मालुआंनी कर लावलाच. गावाला लागून रांस नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखावर साडेसातशे मीटरचं धरण बांधून 1966मध्ये भरतीवर चालणारं वीजकेंद्र सुरू केलं. चोवीस टर्बाइन्स, 240 मेगावॉट क्षमता. 2011मध्ये दक्षिण कोरियाने सिह्वाला त्याहून किंचित मोठं केंद्र उभारलं. तोवर पंचेचाळीस वर्षं जगात असं सगळ्यात मोठं केंद्र हेच. धरणावरून रस्ता जातो आणि शिडाच्या बोटी जायच्या असल्या की मोटारींची रांग थांबवून पूल उचलतात. बोटीतला माणूस वर बघतही नाही.

भिजल्यावर भूक लागते. ब्रिटनीचं रोजचं खाणं म्हणजे गालेत : पातळ, काळसर, मोठ्या तव्यावर लाकडी काठीने घावनासारखं फिरवलेलं. काकूंनी पिठाची चौकशी केली तेव्हा कळलं की हे कुट्टू. आपल्याकडे उत्तरेत नवरात्राच्या उपासाला चालणारं पीठ! काकूंचा चेहरा उजळला. मग गालेत उलगडली. आत हॅम, चीज आणि अर्धवट शिजलेलं अंडं. ज्या पिठाने एका देशात पुण्य लागतं, त्यातच दुसऱ्या देशाने एवढं सगळं भरावं, याला काय म्हणावं! काकूंनी मशरूमची मागवली. बरोबर सफरचंदाची सायडर, कपबशीतल्या कपासारख्या मातीच्या वाडग्यातून. चहा समजून काकांनी दोन वाडगे घेतले आणि नंतर बराच वेळ ते कागदपत्रांबद्दल काही बोलले नाहीत.

इथलं लोणी खारट असतं, आणि त्यामागेही कर आहे. जुन्या फ्रान्समध्ये मिठावर जबर कर होता. ब्रिटनीला मात्र तो माफ होता. मग इथल्या गवळ्यांनी लोण्यात मीठ सढळ हाताने घालायला काय हरकत होती? मिठाच्या करापायी आपल्याला दांडीपर्यंत चालावं लागलं, यांना तो मुळात नव्हताच. त्या लोण्याचा शेवट ‘कुइन्यमान’ नावाच्या केकमध्ये होतो. ब्रेटन भाषेत ‘केक-लोणी’. नावात पीठ नाही, साखर नाही, फक्त मुख्य आरोपी. एक तुकडा खाल्ला की हृदयरोगतज्ज्ञाचा चेहरा डोळ्यांपुढे तरळतो आणि दुसरा तुकडा खाल्ला की तोही विरघळतो.

खाताना मान वर असावी. सें-मालोच्या सीगलना परवाना, न्यायालय, हिस्सा यांतलं काही मान्य नाही. ते मागून येतात, सॉसेज गुंडाळलेली अख्खी गालेत नेतात आणि कठड्यावर बसून तुमच्याकडे बघत खातात. या गावात चाचे आता तेवढेच उरले आहेत. पावती मिळत नाही.

इंग्लंडकडे बोट दाखवणाऱ्या स्यूर्कुफच्या समोरून आता पोर्ट्समथची फेरी बंदरात लागते. रात्रभर झोपून आलेले इंग्रज उतरतात, गालेत खातात, लोणी, सायडर आणि पट्ट्यापट्ट्यांचे खलाशी टीशर्ट घेतात आणि कार्ड पुढे करतात. स्यूर्कुफला तोफा लावाव्या लागल्या होत्या.

बंदराच्या बाजूला एक कॅफे आहे. त्याचं नाव : ‘बंदरासमोरच्या गावाच्या टोकाच्या रस्त्याच्या खालच्या कोपऱ्यावरचं कॅफे... ला जावा’. मराठी माणूस याला नाव म्हणत नाही, पत्ता म्हणतो. आत शेकडो जुन्या बाहुल्या भिंतीवरून टक लावून बघत असतात आणि काउंटरपाशी स्टुलांऐवजी झोपाळे टांगलेले आहेत. काकूंनी लगेच झोपाळा धरला. काकांनी आधी दोर ओढून पाहिला.

आणि आता एक गोष्ट जी माहीत नसताना गाव जास्त आवडतं आणि माहीत झाल्यावर त्याहून जास्त. काका दिवसभर भिंतींवर हात फिरवत ‘तीनशे वर्षं, चारशे वर्षं’ असं म्हणत होते. तट जुना आहेच. पण आतली बहुतेक घरं काकांपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठी आहेत. ऑगस्ट 1944मध्ये अमेरिकी तोफा आणि विमानं एका बाजूला, कर्नल फों आउलोकची जर्मन फौज दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या मध्ये गाव जळालं. तटाच्या आतल्या 865 इमारतींपैकी 182 उभ्या राहिल्या. जर्मन सेनापतीने 17 ऑगस्टला शरणागती पत्करली, ती गावाबाहेरच्या दुसऱ्या किल्ल्यातून. युद्ध संपल्यावर वास्तुविशारद लुई आरेत्शच्या देखरेखीखाली गाव पुन्हा बांधलं : तोच ग्रॅनाइट, तीच उंच उतरती छपरं, तीच उंच धुराडी. आतून मात्र पाण्याचे नळ, वीज आणि जरा रुंद रस्ते. कॅथेड्रल पुरतं उभं व्हायला 1972 उजाडलं. समोरच्या सेझांब्र बेटावर एवढे बाँब पडले की सत्तर वर्षांनंतरही तिथे माणसाला फिरू देत नव्हते. 2018मध्ये एक पायवाट तेवढी मोकळी केली.

काका गप्प झाले. त्यांचा स्वतःचा वाडा 1910 सालचा होता, सें-मालोच्या बहुतेक घरांहून चाळीस वर्षांनी जुना. तो त्यांनी आणि भावांनी मिळून सहा वर्षांपूर्वी बिल्डरला दिला. तिथे आता चौदा मजले आहेत आणि खाली मोबाइलचं दुकान. त्यांना कोणी बाँब टाकून भाग पाडलं नव्हतं.

शेवटी झोपण्याची वेळ. 1155पासून 1770पर्यंत या गावाची राखण मोठाले कुत्रे करत. रात्री वेशी बंद झाल्या की त्यांना बाहेर बंदरात मोकळं सोडत. ओहोटीला वाळूवर टेकलेल्या जहाजांतला माल कोणी पळवू नये म्हणून. चोरांच्या गावाने चोरांची एवढी धास्ती घ्यावी यात विसंगती नाही. आपला धंदा आपल्यालाच कळतो. 1770मध्ये उशिरा परतणाऱ्या एका तरुण नौदल अधिकाऱ्याला त्यांनी फाडलं आणि ती पद्धत बंद झाली. कुत्र्यांना विष घातलं. वेशी बंद होत असल्याचा इशारा देणारी ‘नोगेत’ ही घंटा मात्र आजही रोज रात्री दहाच्या सुमाराला वाजते. आता कुत्री सुटत नाहीत, पण तोवर बहुतेक हॉटेलांची स्वयंपाकघरं बंद झालेली असतात. साडेआठच्या आत जेवून घ्यावं, भरतीच्या चोपडीत तारीख नीट वाचावी, आणि ग्रां बेवर अडकलातच तर पाण्यात उतरू नये. सहा तास थांबावं, वाट पुन्हा उघडते.